रंगीत पत्रा: चार पावसाळ्यांनंतर

आमच्याकडे मे महिन्यात घरी आलेला माणूस दोनच गोष्टी विचारतो. आंबा किती झाला, आणि शाकारणीला, म्हणजे पावसाआधी छपराची कौलं नीट लावायला, गडी मिळाला का. आंब्याचं उत्तर दरवर्षी वेगळं असतं. गड्याचं गेली सात-आठ वर्षं एकच आहे: नाही.

देवरुखच्या वरच्या अंगाला आमची वाडी. जांभ्याचं घर, वर मंगलोरी कौलं. तीस गुंठे भात, थोडी काजू, दोन म्हशी. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, त्यामुळे एक कौल सरकलं तरी रात्रभर टोप, पातेली मांडत बसायचं. त्यात वानरं. एक टोळी फणसावरून उडी मारून पडवीवर उतरली की पाच-सात कौलं गेलीच. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात स्वयंपाकघराचं एक अख्खं पाखं उघडं पडलं, तेव्हा मी ठरवलं, आता कौलं उतरवून रंगीत पत्रा. सासूबाईंनी एवढंच म्हटलं, "माजघराला हात लावायचा नाही." म्हणून 2022 च्या एप्रिलात स्वयंपाकघर, पडवी आणि गोठा एवढंच केलं. मिळून 720 चौरस फूट. लोखंडी पाइप, पत्रा, मजुरी धरून 1 लाख 38 हजार.

आधी खरेदीचं सांगते, कारण फसायची जागा तीच. बिलावर 0.50 मिलिमीटर लिहिलं होतं. मुलगा आयटीआयला आहे, त्याने मायक्रोमीटर लावला, तर रंग धरून 0.44 भरलं. दुकानदार म्हणतो, "वहिनी, सगळे हाच नेतात." मी टेम्पो तसाच परत पाठवला. चार दिवसांनी दुसरा माल आला, त्याच्या पाठीवर जाडी आणि 'एझेड 150' छापलेलं होतं. म्हणजे चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 150 ग्रॅम अॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा. पाठीवर छापलेलं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि जाडी विचारताना रंगासकट की रंगाशिवाय, तेही विचारा.

बसवणारा पोरगा हाताचा झटपट, पण दोन गोष्टी त्याने वाईट केल्या. छपरावरच ग्राइंडरने पत्रा कापला. त्या ठिणग्या म्हणजे तापलेला लोखंडाचा चुरा; तो रंगावर चिकटून बसला आणि पहिल्याच पावसात पत्र्यावर तपकिरी ठिपके उमटले, देवी आल्यासारखे. पत्रा खाली घेऊन कात्रीने कापायचा असतो आणि काम झाल्यावर छप्पर झाडून काढायचं असतं, हे मला नंतर कळलं. दुसरं, त्याने स्क्रू इतके आवळले की खालचं रबर बाहेर आलं. जुलैमध्ये नेमकं मिक्सरच्या वर गळायला लागलं. मुलाने शिडी लावून चार स्क्रू बदलले, गळती थांबली. वॉशर नुसतं बसलं पाहिजे, चिरडायला नको.

एवढं सोडलं तर पाऊस आत येत नाही, हे मान्यच करायला हवं. चार पावसाळे पातेलं मांडलेलं नाही. वानरं अजूनही उतरतात, पण फुटायला काही नाही म्हणून पत्र्यावर नुसती धावतात. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा सासूबाई जपमाळ टाकून अंगणात आल्या होत्या.

आवाजाची सवय होते असं लोक सांगतात. मला झालेली नाही. आषाढात सर आली की पडवीत फोनवर बोलणं बंद. बहीण विचारते, "कुठे आहेस, गिरणीत?" कौलांवरचा पाऊस ऐकत झोप लागायची, पत्र्याखाली ती मोडते.

उन्हाचं तर बोलायलाच नको. एप्रिलात अकराच्या पुढे स्वयंपाकघरात उभं राहवत नाही, म्हणून मी आता दहाच्या आत भाकऱ्या उरकते. कौलांच्या फटींतून चुलीचा धूर आणि गरम हवा वर निघून जायची, हे कौलं होती तोवर लक्षातच आलं नव्हतं. आता धूर पत्र्याला आपटून खाली येतो. आढ्याखाली दोन्ही बाजूंना हातभर जाळी ठेवून घेतली असती तर बरं झालं असतं. नंतर भिंत फोडून एक झरोका काढला, त्याने निम्मं काम होतं.

आणि थंडीत एक वेगळीच गंमत. जानेवारीत पहाटे आंघोळीचं पाणी तापवत होते, पीठ मळायला घेतलं आणि परातीत टप्पकन थेंब पडला. वर बघते तर पत्र्याला आतून घाम सुटलेला. रात्रभर उघड्या आभाळाखाली गार झालेला पत्रा, त्याला पाण्याची वाफ लागली की थेंब धरतात आणि उतारावरून घरंगळत एका ठिकाणी पडतात. पत्र्याखाली चंदेरी बबलचा, म्हणजे हवेचे फुगे असलेल्या चकचकीत प्लास्टिकचा, थर टाकला असता तर हे टळलं असतं, ऊनही थोडं कमी लागलं असतं. पण तो पत्रा चढवण्याआधी अंथरायचा असतो. मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आता जानेवारीत परात कुठे ठेवायची ते ठरलेलं आहे.

गोठ्यावर पत्रा घालणं ही माझी सरळ चूक. म्हशींच्या मुताची वाफ रात्रभर वर कोंडून राहते. तिसऱ्या वर्षी वळचणीकडची कड आतून गंजायला लागली, रंगाचे पापुद्रे निघाले. वॉरंटीचं कार्ड शोधून काढलं, तर त्यात बारीक अक्षरांत, गुरांच्या शेडला लागू नाही. विकत घेताना गोठा म्हणून मी दहा वेळा बोलले होते. गोठ्यावर कौलंच बरी. पत्राच घालायचा तर आढ्यावर हवा जाईल अशी फट ठेवा आणि मूत वाहून जायला नीट गटार करा.

उजेडासाठी मध्ये एक फायबरचा पारदर्शक पत्रा घातला होता. तो आता ताकाच्या रंगाचा झालाय. आधीचं काचेचं कौल अजून लख्ख आहे.

सगळ्यात आवडलेली गोष्ट ठरवून केलेली नव्हती. कौलांच्या पागोळ्या वळचणीशी पडायच्या. पत्र्यावरून पाणी जोरात सुटतं आणि पुढे फेकलं जातं. पहिल्या पंधरवड्यात तुळशीपुढे हातभर खड्डा पडला. मग सहा इंची पन्हळ लावली आणि तिचं तोंड हजार लिटरच्या टाकीत सोडलं. पहिल्या दोन सरींचं पाणी बाहेर काढून द्यायचं, मग टाकी भरून घ्यायची. चार महिने म्हशींना पाजायला आणि गोठा धुवायला विहिरीवर जावं लागत नाही.

उतरवलेली कौलं, सहाशेच्या आसपास, मागच्या भिंतीला रचून ठेवली आहेत. माजघरावरचं कौल फुटलं की त्यातलं एक जातं. रचलेल्यातली निम्मी संपली, गोठ्याचा पत्रा काढायचा तर पुन्हा कौलं लागणार, आणि शाकारणीला गड्याला निरोप दिलाय. येतो म्हणालाय, अक्षय्य तृतीयेनंतर.