‘ओरिजिनल ऊनो’च्या लॉटमध्ये ३२,४०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

नागपुरात कुणी ‘कॉलेजचं टेंडर रद्द झालं, ओरिजिनल आर्डुइनो ऊनोचा सीलबंद लॉट पडून आहे’ असं सांगत आलं, तर पैसे देण्याआधी हे वाचा. ऊनो म्हणजे रोबोटिक्स शिकताना मुलं ज्यावर प्रोग्राम टाकतात, तो छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. माझे ३२,४०० रुपये गेले. माझे तरी कुठले, चोवीस मुलांच्या आईवडिलांनी विश्वासाने दिलेले, प्रत्येकी १,३५०.

प्रतापनगरात मी शाळेतल्या मुलांना सुट्टीत रोबोटिक्स शिकवतो, फी न घेता. बोर्डाची निवड विचार करूनच केली होती. ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड स्वस्त आहे, वेगवान आहे, वाय-फायही आहे. पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या. मुलं अंतर मोजायला एचसी-एसआर०४ सेन्सर लावतात, तो ५ व्होल्टवर चालतो आणि एको पिनवर ५ व्होल्टच परत पाठवतो. व्होल्टेज कमी करणारे मधले दोन रेझिस्टर लावायचे राहिले की पिन जायची भीती. रास्पबेरी पाय पिको या बोर्डाचंही तेच. ऊनो आर३ मात्र ५ व्होल्टचा, आणि त्याची मुख्य चिप सॉकेटमध्ये बसवलेली. एखाद्या पोरानं उलटी तार लावून ती जाळली तर बोर्ड न फेकता चिप बदलता येते. ही निवड आजही मी बदलणार नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण ओळखीतले लोक मलाच शिकवायला लागलेत. क्लोन, म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेला तसाच बोर्ड, विकणं ही फसवणूक नाही. आर्डुइनोचं डिझाइन खुलं आहे, तसा बोर्ड कुणीही बनवून विकू शकतो. फक्त आर्डुइनोचं नाव आणि चिन्ह त्यावर छापता येत नाही. क्लोन सांगून क्लोन दिला असता तर मी तो आनंदाने घेतला असता. मला ओरिजिनल म्हणून दिलं ते क्लोनच्याही खालचं निघालं.

भावाकडे बघा. ओरिजिनल दोन हजारांच्या वर, चांगला क्लोन पाचशेच्या आसपास, आणि या दुकानदाराचा भाव १,३५०. पाचशेला ओरिजिनल म्हणाला असता तर मी तिथूनच परत फिरलो असतो. टेंडर रद्द झाल्याची गोष्ट या मधल्या भावाला चपखल बसत होती. शिवाय नमुना मी स्वतः तपासला होता. लॅपटॉपला लावल्यावर पोर्टचं नाव सरळ ‘आर्डुइनो ऊनो’ आलं, प्रोग्राम चढला, सर्व्हो (छोटी मोटर) फिरला. तो बोर्ड खरा होता. त्यावर मी १०,००० रुपये ॲडव्हान्स यूपीआयने दिला. यात माझं काय चुकलं, सांगा.

माल घ्यायला बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) मेन रोडमागच्या गल्लीत गेलो. संध्याकाळची गर्दी, दुकानात उभं राहायला जागा नाही. त्यानं एकेक बोर्ड मोबाइलच्या चार्जरला लावला, बोर्डावरचा दिवा लुकलुकला, की बोर्ड पिशवीत. मी लॅपटॉप काढला. तो म्हणाला, ‘सर, चोवीस बोर्डांवर प्रोग्राम टाकत बसाल तर रात्र होऊन जाईल. लाइट लागून राहिला ना? मंग चालूनच राहिले ते.’

आणि मी लॅपटॉप बॅगेत ठेवला.

तो क्षण डोक्यातून जात नाही. दिवा लुकलुकतो याचा अर्थ एवढाच, की कुणीतरी आधी चिपमध्ये ब्लिंकचा, म्हणजे दिवा लुकलुकवायचा, प्रोग्राम टाकून ठेवलाय. चार्जरवर नुसती वीज येते, चिप कोणती हे त्यातून कळतच नाही. हे मीच मुलांना शिकवतो. एकच बोर्ड लॅपटॉपला लावला असता तर पोर्टच्या जागी ‘सीएच३४०’ दिसलं असतं. ओरिजिनल ऊनो आर३ वर यूएसबीसाठी १६यू२ चिप असते, सीएच३४० नाही. प्रोग्राम चढायला काही सेकंद लागतात. काही सेकंद! पण मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं, तो घाई करत होता, आणि नमुना खरा निघाल्यावर माणसाच्या मनात शंका येणार तरी कुठून? उरलेले २२,४०० मी रोख दिले. पक्कं बिल घेतलं तर जीएसटी वर पडेल म्हणाला, म्हणून कच्ची पावती घेतली. बाजारात सगळेच घेतात.

वर्गात एकाही बोर्डावर प्रोग्राम चढला नाही. ऊनोच्या मुख्य चिपची, एटीमेगा३२८पीची, सही (चिपमध्येच कोरलेला ओळख क्रमांक) १ई ९५ ०एफ असते. इथे येत होती १ई ९४ ०६, म्हणजे जुनी एटीमेगा१६८. चिपवर ॲसिटोनचा बोळा फिरवला तर ‘३२८पी’ ही अक्षरं बोळ्यावर उतरली. ३२८पी मध्ये प्रोग्राम ठेवायला ३२ केबी फ्लॅश आणि तो चालताना लागणारी २ केबी रॅम, १६८ मध्ये दोन्ही निम्मं. १२८ बाय ६४ च्या ओएलईडी डिस्प्लेची नेहमीची लायब्ररी चित्रासाठी १,०२४ बाइट रॅम धरते, म्हणजे या चिपची सगळीच. रोबोट चालवायला उरलं काय?

सही तपासताना बूटलोडरच्या (यूएसबीवरून प्रोग्राम चढवून घेणारा, चिपमधला छोटा प्रोग्राम) उत्तरावर थांबू नका, तो त्याच्यात लिहिलेलंच सांगतो. दुसऱ्या ऊनोत ‘आर्डुइनोआयएसपी’ हा प्रोग्राम टाका आणि सहा तारांनी थेट चिपला विचारा.

दुकानदार आधी ‘तुमच्या पोरांनी जाळले असतील’ म्हणाला. मग फोन उचलणं बंद. पुन्हा गेलो तर काउंटरवर दुसराच माणूस: ‘ते भाऊ भाड्यानं बसत होते, गेले.’

पोलिसांकडे गेलो. दिवा लागतो ना, मग बिघडलं काय, हा तिथला पहिला प्रश्न. मी ॲसिटोनचा बोळा दाखवला. ‘हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा.’ खोटी वस्तू खरी म्हणून विकणं आधी कलम ४२० मध्ये बसायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसतं, हे मी सांगितलं तर उत्तर मिळालं, ‘तुम्ही वकील आहात का?’ लेखी अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर साहेब नाहीत. सायबरवाल्यांनी सांगितलं, माल हातात मिळालाय, ओटीपी गेलेला नाही, हे आमच्याकडे येत नाही. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्हीच पाठवलेत. यूपीआयवर त्या माणसाचं नाव आहे, नंबर आहे, बँकेला त्याचा पत्ताही माहीत असणार. पण तो पत्ता पोलिसांनी मागितल्याशिवाय बँक देत नाही, आणि पोलीस मागत नाहीत. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, २ वर्षांची मुदत आहे, सगळं खरं. पण समोरच्याचा पत्ता लागतो. जो तो पुढच्या दाराकडे बोट दाखवतो, आणि मधल्या वेळात तो माणूस हाच लॉट दुसऱ्या शिक्षकाच्या गळ्यात मारतोय.

रोख देऊ नका. बिलावर जीएसटी क्रमांक आणि ‘एटीमेगा३२८पी-पीयू’ असं चिपचं पूर्ण नाव लिहून घ्या. नमुन्यावर पैसे देऊ नका, पिशवीतले कुठलेही तीन बोर्ड स्वतः उचलून लॅपटॉपला लावा. ‘ब्लू पिल’ हा एसटीएम३२ चिपचा बोर्ड घेणाऱ्यांनी तर जास्तच जपा, एसटीएम३२ च्या नावाखाली दुसऱ्याच चिपा त्यावर सर्रास येतात. पैसे पाठवले आणि माल आलाच नाही, तर क्षणभर न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

मुलांसाठी मी पदरच्या पैशाने खऱ्या ३२८पी चिपा बिलासकट मागवल्या, बूटलोडर टाकून सॉकेटमध्ये बसवल्या. वर्ग सुरू झाला. काढलेल्या चोवीस चिपा पाकिटात सीलबंद ठेवल्यात. बर्डीतून असा लॉट तुम्हीही घेतला असेल तर चिप पुसू नका, फेकू नका, यूपीआयच्या नोंदीचा फोटो काढून ठेवा. चार-पाच तक्रारदार एकत्र गेलो तर अर्जाची पोच तरी द्यावी लागेल.