नाकात शिसं, पाठीवर रेघ : जुन्या मिग-२१ किटसोबत चौदा महिने

खोकं हातात आलं ते २०२४ मध्ये पोळ्याच्या तोंडावर. मुंबईच्या एका माणसाकडून साडेनऊशे रुपयांत प्लास्टिकचे भाग जोडून छोटं विमान करायचं जुनं किट घेतलं, पोस्टानं परभणीला आलं, आणि उघडल्यावर पहिल्यांदा वास आला तो माळ्यावरच्या जुन्या वह्यांचा. मिग-२१, माप १/७२, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं. त्यातले सहा महिने जोडण्यात गेले आणि उरलेले आठ महिने ते माझ्या मेडिकलच्या काचेच्या कपाटात, खोकल्याच्या औषधांशेजारी उभं आहे. किट पूर्ण झालं की त्याच रात्री फोटो काढून कौतुक करून घ्यायची पद्धत आहे. मी मुद्दाम थांबलो. आमच्याकडचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्याशिवाय पुट्टीवर भरवसा ठेवू नये, हे मला दुकानाच्या शटरनं शिकवलंय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. साचा फार जुना, हजारो नग काढून झिजलेला. त्यात हे किट काढलं तेव्हा रशियन विमानाचे नीट आराखडे मिळण्याची सोय नव्हती. शीतयुद्धाचा काळ, फोटो पाहून अंदाजानं आकार ठरवायचे. त्या मानानं माप बरं निघालं. खऱ्या मिगचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये दहा सेंटिमीटरला किंचित कमी. पट्टी लावली तर तेवढंच भरलं. रडगाणं आहे ते फिटिंगचं.

मिगच का, असं बायकोनं विचारलं होतं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या गावात खरं तर मारुत करायला हवं होतं. एचएफ-२४ मारुत या आपल्याकडे बनलेल्या लढाऊ विमानाचा आराखडा कुर्ट टँक या जर्मन माणसाचा, आणि ते पहिल्यांदा उडालं १७ जून १९६१ ला. पण हाताशी आलं ते मिग. आणि मिग म्हटलं की आमच्या पिढीला वेगळं काही सांगावं लागत नाही. १९६३ मध्ये हवाई दलात आलं, पुढे नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, म्हणजे एचएएलमध्ये बनायला लागलं. चौथीत असताना कंपासपेटीवर मी त्याचंच चित्र चिकटवलं होतं.

तर माल कसा होता? प्लास्टिक चंदेरी, त्यात दुधात साय फिरावी तशा रेघा. प्रत्येक भागाच्या कडेला पापुद्रा आलेला, चाकं तर चाकं आहेत की चकल्या हे आधी ठरवावं लागलं. विमानाच्या पोटाचे दोन अर्धे एकमेकांसमोर धरले तर मधून उजेड दिसायचा, कारण उजवा अर्धा केळ्यासारखा वाकलेला. तो गरम पाण्यात बुडवून, लाकडी पट्टीला बांधून, रात्रभर ठेवून सरळ केला. पाणी उकळतं नको, बोट जेमतेम बुडवता येईल इतकंच गरम. दुसऱ्या दिवशी तो सरळ झाला, पण त्यानं सूड उगवला नाकाशी, ते पुढे सांगतो.

मेडिकलवाल्याला या छंदात एक फायदा असतो. ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि ३ नंबरचं हँडल शेल्फवरच असतं. फक्त हे ब्लेड पातळ असतं. भाग ज्या काडीला जोडून येतो तिच्यातून तो तोडताना आडवा जोर दिला तर टोक तुटून उडतं. माझं उडालं आणि चष्म्याला लागलं. चष्मा होता म्हणून लिहितोय. चिकटवायला ॲक्रिलिकच्या नेमप्लेट करणाऱ्याकडून क्लोरोफॉर्म आणलं. ते हे प्लास्टिक विरघळवून सांधा एकजीव करतं, पण वाफ वाईट, खिडकी आणि पंखा दोन्ही हवेत. हुशारी करून मी ते इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये भरलं. पाच मिनिटांत आतला रबरी दट्ट्या फुगून अडकला आणि सुईतून एक थेंब निघेना. तेव्हापासून शून्य नंबरचा ब्रश.

आता पंखांचं. या किटबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही.

मिगचे दोन्ही पंख वेगवेगळे येतात आणि पोटाच्या बाजूला नुसते टेकवायचे. खुंट्या आहेत, पण भोकं त्यांच्यापेक्षा मोठी, म्हणजे पंख वाट्टेल तसा हलतो. डावा पंख ठीक बसला. उजव्याच्या मुळाशी इतकी फट की माझ्या दुकानाचं कार्ड दुमडून आत गेलं. पहिल्यांदा मी जे सगळे करतात तेच केलं, फट पुट्टीनं लिंपली. वाळली, घासली, पंख उचलला आणि मुळाशी केसाएवढी चीर पडली. परत लिंपली, परत चीर. सगळं खरवडून काढलं तेव्हा डोक्यात आलं की पंख कमी पडत नाहीये, पोट आत दबलंय. गरम पाण्यातून सरळ केलेला अर्धा मधोमध आत ओढला गेला होता. मग पोट पुन्हा उघडलं. ज्या काड्यांना भाग लगडून येतात त्यातलीच एक जाड काडी कापली आणि आतून दोन भिंतींच्या मध्ये आडवी अडकवली, विहिरीत मजूर उतरण्याआधी आडवं लाकूड ठोकतात ना, तशी. काडी अर्धा मिलिमीटर लांब होती, घासून कमी केली, परत लावून पाहिली, असं सात-आठ वेळा. प्रत्येक वेळी पंख टेकवून उजेडासमोर धरायचं. शेवटी फट केसावर आली. पुट्टी लागलीच नाही म्हटलं तरी चालेल. जुन्या फोरमनची भाषा वापरायची तर, खोटं भरण्यापेक्षा खरं सरकवलं.

आणखी एक. मिगचे पंख टोकांकडे दोन अंश खाली झुकलेले असतात. मोकळ्या भोकांत ते आपोआप वर उचलले जातात आणि विमान कबुतरासारखं दिसायला लागतं. मी औषधांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तेवढ्या उताराच्या खाचा कापल्या आणि दोन दिवस विमान त्यात बसवून ठेवलं.

नाकाची कडी, म्हणजे पुढची हवा आत घेणारी गोल कडा, स्वतंत्र भाग आहे. ती लावली आणि त्या सरळ केलेल्या अर्ध्याच्या बाजूला एक मिलिमीटरची पायरी राहिली. एक मिलिमीटर ऐकायला काही वाटत नाही, पण बहात्तरनं गुणा, खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरची पायरी होते. एवढी पायरी असलेलं विमान ओझरच्या गेटमधून बाहेर पडलं नसतं. इथे पुट्टीशिवाय इलाज नव्हता आणि विमानांच्या दुकानातली पुट्टी परभणीत मिळत नाही. मी गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या मामूकडे गेलो. त्यांनी मिग हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि विचारलं, “ह्याला ठोकलं कुणी?”

मामूंनी डब्यातली पुट्टी डबीत काढून दिली, पैसे घेतले नाहीत आणि सांगितलं, “एकदम भरायचं नाई भाऊ. नखाएवढी लाव, सुकू दे, मग दुसरी. आन् सुकली का नाई हे आपण ठरवायचं नाई, तिला ठरवू दे.” मी नाकाला त्यांचं ऐकलं. दिवसाला एक थर, पाच दिवस. पाठीच्या शिवणीला ऐकलं नाही, कारण तोवर कंटाळा आला होता. तिथे एका बैठकीत जाड थर ओढला. याची फळं खाली येतील.

या पुट्टीत आणि गाडीच्या थिनरमध्ये असं द्रावक असतं की जाड लावलं तर खालचं प्लास्टिक लिबलिबीत होतं. म्हणून आधी आइस्क्रीमच्या पारदर्शक प्लास्टिकच्या चमच्यावर करून पाहा. मी पाहिलं, चमचा सुरकुतला, मी शहाणा झालो. घासायला ४०० पासून २००० पर्यंतचा वॉटर पेपर, पाण्यात बुडवून. घासताना जुन्या किटवरच्या उठावाच्या रेघा पुसल्या जातात, त्याला उपाय नाही. इलेक्ट्रिशियनची टेप ताणून लावली आणि तिच्या कडेनं जाड सुईनं परत कोरल्या. दोन रेघा तिरक्या गेल्यात. तेवढ्या चालतात.

नाकात शिसं भरायला विसरू नका. पुढचं चाक लहान, सगळं वजन मागे, त्यामुळे रिकामं मिग शेपटीवर बसतं. माझ्या एका गिऱ्हाइकाचा भाऊ गंगाखेडला गोदावरीत मासे धरतो, त्याच्याकडून जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आल्या. सहा मावल्या. शिसं हाताळल्यावर हात धुवा, मी मेडिकलवाला म्हणून सांगतोय.

तांबड्या ताऱ्यांचे स्टिकर पिवळे पडलेले. ते पांढरे करायचा उपाय सोपा आहे, कागद उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा. थंडीच्या देशात त्याला महिना लागत असेल, परभणीत सहा दिवस लागले. पण पाण्यात टाकलेला पहिलाच तारा शेवयांसारखा सुटून गेला. उरलेल्यांवर आधी पारदर्शक लॅकरचा हात दिला तेव्हा ते टिकले. तसंही मला भारतीय वर्तुळं हवी होती. फ्लेक्सच्या दुकानातल्या पोरानं छापून दिली ती हिरवा बाहेर आणि भगवा मध्ये. आपल्या हवाई दलात भगवा बाहेर असतो, मध्ये पांढरा, गाभ्यात हिरवा. शेवटी चपला शिवणाऱ्या काकांचं भोकं पाडायचं पंच आणून कागदाचे गोल कापले आणि रंगानंच काढली. याचा आता फायदा दिसतो.

कारण आता आठ महिन्यांचा हिशोब. उन्हाळ्यात दुकानातलं कपाट दुपारभर तापतं, रात्री गार होतं. एप्रिलमध्ये एके दिवशी संध्याकाळी पाचला तिरपं ऊन आत आलं आणि विमानाच्या पाठीवर, कॉकपिटपासून शेपटीपर्यंत, एक बारीक खोलगट रेघ दिसली. ती जाड थराची शिवण. वरून वाळलेली, आतून ओली, महिनोन्‌महिने आकसत राहिली आणि बसली. चंदेरी रंग असल्यामुळे लपत नाही. हिरव्या-तपकिरी रंगात कदाचित खपली असती. नाकाची कडी, जी पाच दिवसांत भरली, ती आजही नखाला लागत नाही. उजव्या पंखाच्या मुळाशीही काही नाही, काडी आपलं काम करतेय. शेपटीजवळ एम-सीलचा लहानसा तुकडा वापरला होता, तो जराही आकसला नाही, पण घासताना त्यानं बोटांची सालं काढली.

सप्टेंबर २०२५ मध्ये पावसानं मराठवाड्याचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यापुढे स्टिकरचं दुःख सांगू नये. तरी नोंद म्हणून, ओलीनं शेपटीवरच्या आकड्यांच्या कडा उचलल्या, रंगानं काढलेली वर्तुळं जशीच्या तशी. कॉकपिटवरची काचेची टोपी फेविकॉलनं लावली होती, ती स्वच्छ आहे. झटपट डिंकानं लावू नका, वाफेनं पांढरी पडते. नाकावरच्या नळीची प्लास्टिकची काडी पहिल्याच आठवड्यात तुटली, तिथे टोक घासून बोथट केलेली इंजेक्शनची सुई बसवली. ती वाकतसुद्धा नाही.

घ्यावं का, असं विचाराल तर, पहिलं किट म्हणून अजिबात नको. पोरांना तर नकोच. आजकालची नवी किटं महाग असली तरी तीन संध्याकाळींत जुळतात. मला मात्र या किटचा राग येत नाही, आणि का येत नाही हे मी स्वतःला नीट सांगू शकलेलो नाही. नव्या किटमध्ये पोटाच्या आत काय आहे हे मला आज आठवलं नसतं. इथे प्रत्येक भाग चार वेळा हातातून गेलाय.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा हवाई दलातून निरोप झाला तेव्हा मी काउंटरवर मोबाइल उभा करून पाहत होतो. हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका बीपीच्या गोळ्या न्यायला आले. दर महिन्याला येतात, कपाटाकडे कधी पाहत नव्हते. त्या दिवशी पाहिलं. जवळ गेले, वाकून पोटाकडे बघत राहिले. मी म्हटलं, “काका, एफएल केलंय, टाइप ७७.” ते म्हणाले, “कळलं. पण मग तोफ कुठंय?” बरोबर होतं. एफएल हा मिग-२१ चा आपल्याकडे बनलेला प्रकार, त्याला आत तोफ नव्हती, एकाहत्तरच्या लढाईत पोटाखाली वेगळी पेटी टांगून दोन नळ्यांची २३ मिलिमीटरची तोफ बसवत. किटमध्ये ती नाहीच. मग त्यांनी १४ डिसेंबरला ढाक्यात गव्हर्नरच्या घरावर मिगनी रॉकेटं टाकल्याचं सांगितलं, आणि गोळ्या काउंटरवरच विसरून गेले. पोराला पाठवून दिल्या.

तोफेची पेटी आता घडवून ठेवलीय, नळ्या संपलेल्या रिफिलच्या टोकाच्या. बसवायची तर पोटाची शिवण परत खरवडावी लागेल, रंगासकट. मामूंना दाखवलं. त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, “खरवड की. तिथली पुट्टी तशी बी बसलेलीच हाय.”