समुद्रावरचं झीन तपासायचं कसं: गुणतक्ता, वाचक की कच्च्या प्रतीवरच्या गप्पा?

वर्गाला समुद्रावर झीन, म्हणजे हाताने केलेली छोटी पुस्तिका, करायला दिलं की महिन्याभराने शिक्षकाच्या टेबलावर एक गठ्ठा येऊन पडतो आणि खरी अडचण तिथून सुरू होते. निबंध तपासायची हाताला सवय असते, चित्रकलेची वही तपासायची असते, विज्ञानाच्या प्रकल्पाचीही असते. झीन या तिन्हींत बसत नाही. ए-फोर कागदाची आठ पानी घडी, मधोमध एक काप, हाताने लिहिलेला मजकूर, स्वतः काढलेली चित्रं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून काढून आणलेल्या वीसेक झेरॉक्स. आपल्या शाळांना हस्तलिखितं नवी नाहीत, पण हस्तलिखिताची प्रत एकच असते आणि स्नेहसंमेलन झालं की ती कपाटात जाते. झीन वाटलं जातं. शेजारच्या बाकावर, बिल्डिंगमधल्या काकूंकडे, आजोबांच्या कट्ट्यावर. त्यामुळे त्यात चूक असेल तर तीही वाटली जाते.

ते तपासायचे तीन मार्ग मला वापरण्याजोगे वाटतात. एक, नेहमीचा गुणतक्ता. दोन, झीन दुसऱ्या कुणाला वाचायला देऊन त्याच्या हाती काय लागलं ते पाहणं. तीन, मुलाच्या शेजारी बसून झीन उलगडत बोलणं. माझा कल तिसऱ्याकडे आहे आणि तोही एका अटीवर: ते बोलणं झेरॉक्स काढण्याआधी, कच्च्या प्रतीवर व्हायला हवं. पण प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्गात ते जमेलच असं नाही, म्हणून तिन्ही नीट पाहू.

पाहण्यासाठी दोन झीन शेजारी शेजारी ठेवतो. दोन्ही आठवीतली.

पहिलं रंगीत आहे, संगणकावर जुळवलेलं. मुखपृष्ठावर निळा देवमासा. आत पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राने व्यापला आहे, मारियाना गर्ता सुमारे १०,९०० मीटर खोल आहे, प्रवाळ, प्लास्टिक, आणि शेवटच्या पानावर ‘समुद्र वाचवा’. शुद्धलेखन चोख, समास सारखे, एकही खाडाखोड नाही.

दुसरं काळंपांढरं. स्टेपलरची पिन तिरकी बसली आहे. नाव आहे ‘गणेश पेठेतला समुद्र’. ते करणारी मुलगी रविवारी सकाळी मामाबरोबर पुण्यात, गणेश पेठेतल्या मासळी बाजारात गेली आणि बाजारात माल जसा लावलेला असतो तशीच तिने पानं लावली: खोल समुद्रातली मासळी, खाडीची मासळी, नदीची मासळी. एका पानावर सुरमई आणि पापलेट, पुढच्यावर बांगडा, तारली, तिसऱ्या (शिंपले), त्यानंतर रहू, कतला, मरळ. ‘मासळि’ सगळीकडे ऱ्हस्व. एक पान ‘जूनमध्ये पापलेट एवढं महाग का’ यासाठी राखलं आहे आणि त्यात १ जून ते ३१ जुलै या काळातली यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदी मासे विकणाऱ्या मावशींनी सांगितली तशी लिहिली आहे.

चित्रं जरा जवळून पाहा. पापलेटच्या पोटाखाली परांची जोडी नाही. पूर्ण वाढलेल्या पापलेटला ती नसतेच. जो नुसता ‘मासा’ काढतो तो ती सवयीने काढतोच. बोंबलाच्या शेपटीचे तीन भाग दाखवले आहेत, आणि बोंबलाची शेपटी तशीच असते. खाली ओळ आहे: ‘हातात धरला की मधेच वाकतो.’ या मुलीने पाहिलं, हात लावला आणि मग काढलं. या दोन चित्रांत जेवढं निरीक्षण आहे, तेवढं पहिल्या झीनच्या आठही पानांत नाही.

आता गुणतक्ता लावू. शाळांतून फिरणारा तक्ता साधारण असा असतो: मजकूर ५, मांडणी ५, चित्रं ५, शुद्धलेखन ५. पहिल्याला १८ मिळतील, दुसऱ्याला १२. तक्ता खोटं बोलत नाही, त्याला विचारलं तेवढंच तो सांगतो. ‘चित्रं’ या रकान्यात सुबकपणाला गुण आहेत, पाहण्याला नाहीत. शिवाय रंगीत छपाईचे गुण बऱ्याचदा घरातल्या प्रिंटरला जातात. माझं मत स्पष्ट आहे: सजावटीला एकही गुण ठेवू नये. ज्याच्या घरी प्रिंटर नाही त्या मुलाला तो तक्ता पहिल्या दिवशीच मागे टाकतो.

म्हणून तक्ता टाकून द्यावा असं मात्र नाही. एका पुस्तिकेला तीन मिनिटं धरली तर चाळीस पुस्तिका दोन तासांत होतात. दोन शिक्षक तपासणार असतील तर दोघांच्या हातात एकच माप राहतं. पालक विचारायला आले तर दाखवायला काहीतरी असतं. फक्त रकाने बदलावे लागतात. मी हे चार ठेवतो: विषय किती अरुंद केला (‘समुद्र’ ऐवजी ‘बोंबील’), स्वतः पाहिलेलं किंवा विचारून घेतलेलं किती आहे, निदान एक माहिती कुठून आली ते लिहिलं आहे का, आणि वाचणाऱ्याला पानांचा क्रम कळतो का. शुद्धलेखन कच्च्या प्रतीत दुरुस्त करून द्यावं, त्याचे गुण कापू नयेत. आणि हा तक्ता मुलांच्या हातात काम सुरू करण्याआधी पडला पाहिजे. गठ्ठा आल्यावर रकाने ठरवणं हा मुलांवर सरळ अन्याय आहे.

दुसरा मार्ग वाचकाचा. सातवीच्या वर्गात झीन वाटा. वाचून झाल्यावर मिटायला सांगा आणि दोनच प्रश्न विचारा: काय लक्षात राहिलं, आणि कुठे कंटाळा आला? गणेश पेठेवाली इथे सहज पुढे जाते. पोरांना बोंबलाची शेपटी आठवते, जूनमधला पापलेटचा भाव आठवतो. पहिल्या झीनमधून ‘समुद्र खूप मोठा आहे’ एवढंच उरतं. झीन वाटण्यासाठीच केलेलं असतं, त्यामुळे ही कसोटी त्याच्या स्वभावाला सगळ्यात जवळची आहे, आणि मुलांनाही ती आवडते. आपलं लिहिलेलं कुणीतरी खरंच वाचलं हे कळल्यावर त्यांचे चेहरे उजळतात.

पण या मार्गात एक मोठं भोक आहे. वाचकाला चूक सापडत नाही. नीट सांगितलेली चूक तर तो आणखी पक्की लक्षात ठेवतो.

पुण्यातल्या मुलांच्या समुद्रावरच्या लिखाणात हमखास सापडणारं वाक्य म्हणजे ‘आपण मुठेत टाकलेली पिशवी वाहत अरबी समुद्रात जाते’. वाचणारा प्रत्येक जण मान डोलावतो. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर, बंगालचा उपसागर कुठच्या कुठे. पण मधे सह्याद्री आहे. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, भीमा उजनीतून, पंढरपूरवरून कृष्णेला, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. लकडी पुलावरून पडलेली पिशवी वाटेतल्या धरणांत अडकली नाही तर पूर्वेच्या समुद्रात पोचेल. हे बरोबर लिहिणाऱ्या मुलाने नकाशा उघडून नदीवरून बोट फिरवलेलं असतं. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याला मनापासून शाबासकी देतो.

अशी आणखी काही वाक्यं आहेत. ‘आपल्या श्वासातला ७० टक्के ऑक्सिजन समुद्र देतो.’ पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण निम्मं समुद्रात होतं हे खरं, पण तिथे तयार झालेला बहुतेक ऑक्सिजन तिथलेच जीव श्वसनात आणि कुजण्यात वापरून टाकतात. ‘पॅसिफिकमध्ये प्लास्टिकचं बेट तरंगतं आहे.’ बेट नाही. विरळ पसरलेले तुकडे आहेत, बरेचसे इतके बारीक की त्यातून बोट गेली तरी लक्षात येऊ नये. साफ करणं एवढं कठीण का, याचं उत्तरही त्यातच आहे. ‘आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून समुद्र निळा.’ मुख्य कारण वेगळं: पाणी तांबडा प्रकाश जास्त शोषतं आणि निळा उरतो. चित्रांत हमखास दिसणारी चूक म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवाला जमिनीवरच्या कासवाचे आखूड, नखं असलेले पाय. समुद्री कासवाचे पाय वल्ह्यांसारखे पसरट असतात आणि त्याला डोकं कवचात ओढून घेता येत नाही. कोकणात वेळासला जाऊन कासवांची पिल्लं पाहून आलेलं मूल सहसा ही चूक करत नाही.

या चुका मुलांच्या डोक्यातून आलेल्या नसतात, मोठ्यांनीच पसरवलेल्या असतात. त्यामुळे गुण कापून काही साधत नाही. ‘हे कुठे वाचलंस? चल, दोघं मिळून बघू’ असं म्हटल्याने मात्र बरंच साधतं.

यासाठीच तिसरा मार्ग. कच्ची प्रत मुलाच्या हातात, शिक्षक शेजारी, समोर नाही. प्रश्न साधे. कोणतं पान काढून टाकलंस? कोणतं दोनदा केलंस? हे वाक्य कुठून आलं? उरलेल्या पानात काय घालणार? मजकूर इंटरनेटवरून किंवा एआयकडून जसाच्या तसा उचललेला असेल तर तिसऱ्या प्रश्नाला कळतं, आणि तेही मुलाला न दुखावता.

देवमाशाच्या झीनवाल्या मुलाशी असं बोलणं झालं. देवमासाच का, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग तो आपणहून निसर्ग वादळाबद्दल बोलायला लागला. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, आणि त्यांच्या सोसायटीतलं गुलमोहराचं झाड आडवं झालं. समुद्रावरचं वादळ घाट चढून पुण्यात कसं आलं, हा प्रश्न त्याच्या डोक्यात तेव्हापासून होता. त्याचं खरं झीन ते होतं आणि त्यातली एक ओळही छापील पानांत आली नव्हती. समुद्राच्या तापण्याचा आणि मॉन्सूनचा अभ्यास करणारी भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था पाषाणला आहे. बंदरांच्या आणि किनाऱ्यांच्या प्रतिकृती करून लाटांचा अभ्यास करणारं, १९१६ मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्याला आहे. हे ऐकून त्याने चार पानं नव्याने केली. गुणतक्त्याने त्याला १८ दिले असते आणि तो खूश होऊन घरी गेला असता.

गप्पांची किंमत वेळाची. चाळीस मुलांना पाच पाच मिनिटं म्हणजे २०० मिनिटं, पस्तीस मिनिटांच्या जवळजवळ सहा तासिका. एवढ्या कुणाकडे नसतात. चार चार मुलांचे दहा गट केले आणि गटाला दहा मिनिटं दिली तर तीन तासिकांत बसतं, आणि एकाला विचारलेला प्रश्न बाकीचे तिघेही मनातल्या मनात सोडवतात. बुजरी मुलं गटात गप्प राहतात, त्यांना तेच प्रश्न चिठ्ठीवर द्यावेत. दुसरा धोका बोलक्या मुलांचा. छान बोलणारं मूल छान काम केल्यासारखं भासतं. म्हणून बोलताना बोट पानावर हवं, चेहऱ्यावर नाही.

आठवीपर्यंतच्या वर्गांना परवानगीचा प्रश्नच नाही. महाराष्ट्रात २०१० पासून आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, सहाध्यायी मूल्यमापन हे सगळं आहे. तिन्ही मार्गांना नोंदवहीत जागा आहे.

मग निवडायचं कसं? एकच शिक्षक, चाळीस मुलं आणि हातात एक आठवडा असेल तर कच्च्या प्रतीवर गटात गप्पा घ्या आणि अंतिम प्रतीला बदललेला तक्ता लावा. वाचकांची फेरी सोडावी लागली तरी चालेल. आंतरशालेय स्पर्धा असेल तर तक्ता टाळता येणार नाही. तिथे दोन परीक्षक ठेवा आणि त्यातला एक तरी भूगोल किंवा जीवशास्त्र जाणणारा असू द्या. नववीला गुण द्यावेच लागत असतील तर ते तक्त्यावर द्या, गप्पांवर नको, कारण गप्पांना गुण आहेत हे कळलं की मुलं मोकळी बोलत नाहीत. घरी आई-बाबांनी पाहायचं असेल तर तक्त्याच्या वाटेला जाऊच नये. वाचावं आणि विचारावं, बस्स.

गप्पा झाल्यावर वर्णनात्मक नोंद त्याच दिवशी लिहा. ‘विषयाची चांगली माहिती आहे, चित्रे सुंदर’ ही नोंद कुणालाही लागू पडते. त्याऐवजी: ‘बाजारात जाऊन पापलेट व बोंबील यांचे बारकाईने निरीक्षण केले, चित्रात ते अचूक दिसते. मासेमारी बंदीचे कारण अजून शोधायचे आहे.’ दुसऱ्या मुलासाठी: ‘निसर्ग वादळाबद्दल स्वतःचा प्रश्न आहे. नकाशा वापरून तो मांडला.’ नोंद मुलाला वाचून दाखवा, त्याचं काही म्हणणं असेल तर तेही खाली लिहा, आणि झेरॉक्सला जाण्याआधी पान बदलायला त्याला निदान दोन दिवस मोकळे द्या.