सॅटर्न-५ की एन-१: पाच मोठी इंजिनं की तीस छोटी?

चंद्रावर माणूस नेण्यासाठी अमेरिकेने सॅटर्न-५ हे रॉकेट बांधलं, सोव्हिएत संघाने एन-१. दोन्ही शंभर मीटरहून उंच. उड्डाणावेळचा जोर एन-१चाच जास्त, पण खरा फरक बुडाशी होता. सॅटर्नला पाच अजस्र एफ-१ इंजिनं, एन-१ला तब्बल तीस.

एफ-१ने सुरुवातीला अभियंत्यांना रडवलं. ज्वाला आतच हेलकावे खायची नि इंजिन फुटायचं. मग चालू इंजिनात मुद्दाम छोटे बॉम्ब उडवून, ज्वाला किती लवकर शांत होते ते पाहत त्यांनी रचना सुधारली. पुढे अख्खा पहिला टप्पा, म्हणजे पाचही इंजिनांसह रॉकेटचा सर्वात खालचा भाग, जमिनीवर बांधून पेटवून पाहिला. एन-१च्या नशिबी ही चाचणी नव्हतीच. त्याच्या इंजिनांतल्या काही झडपा छोट्या स्फोटाने एकदाच चालणाऱ्या, त्यामुळे तपासलेलं इंजिन पुन्हा वापरता येत नसे. तुकडीतली मोजकी तपासायची, बाकीची थेट यानावर. आगपेटीतल्या दोन काड्या ओढून उरलेल्यांची खात्री देण्यातलाच प्रकार!

३ जुलै १९६९ला एन-१ जेमतेम उचललं गेलं नि नियंत्रण यंत्रणेने तीसपैकी एकोणतीस इंजिनं बंद केली. यान तळावरच कोसळलं. चारही उड्डाणं फसली. सॅटर्न तेरा वेळा उडालं.

माझं मत सॅटर्नला. तीस इंजिनांची कल्पना मात्र मला वेडगळ वाटत नाही; स्पेसएक्सचं सुपर हेवी रॉकेट तेहतीस इंजिनांवर उडतं.