चोरी गेलेल्या सोन्याचं व्हॅल्युएशन - जळगाव सराफ बाजारातली जुनी पेढी, 4 स्टार

आधीच सांगते, मी इथे सोनं घ्यायला गेले नव्हते, गेलेल्या सोन्याचा कागद घ्यायला गेले होते. 2024 च्या दिवाळीनंतर आम्ही दोन दिवस लग्नाला गेलो, मागे अमळनेरच्या घराचं कुलूप तुटलं आणि माझी मंगलपोत, कानातले टॉप्स आणि सासूबाईंच्या पाटल्या गेल्या. तक्रार लिहिताना हवालदार म्हणे बिल दाखवा. पोतीचं बिल होतं 2012 चं, 68 हजाराचं, त्यांनी तोच आकडा लिहून टाकला. अहो पण त्या भावात आज कोण देतंय मला पोत? तर म्हणे मग सोनाराकडून लिहून आणा.

म्हणून जळगाव गाठलं. आधी एका दुसऱ्या दुकानात गेले, तिथला पोरगा म्हणतो "किती लिहू बोला?" मी तशीच पायरी उतरले.

मग आमच्या नेहमीच्या पेढीवर गेले, तिथे गल्ल्यावर बसणारे आबा मूळचे पारोळ्याकडचे, बिल बघून आधी चहा सांगितला आणि मग आत जाऊन 2012 ची वही घेऊन आले. लाल कापडाची, कडा कुरतडलेल्या, त्यात बोट फिरवत फिरवत माझी नोंद काढली: ढोबळ वजन 24 ग्रॅम, काळे मणी आणि दोरा वजा जाता निव्वळ 21.600. म्हणजे मी घरी सगळ्यांना अडीच तोळे अडीच तोळे सांगत होते ते काही खरं नव्हतं. चोरीच्या दिवशीचा 22 कॅरेटचा भाव धरून दीड लाखाच्या वर गेलं, घडणावळ वेगळ्या ओळीत लिहिली. मी म्हटलं आबा जरा राउंड करून पावणेदोन करा ना, तर चष्म्यावरून बघत म्हणे, "ताई, वहीमा जे शे तेच लिखसू." उद्या वकिलाने विचारलं तर कोर्टात त्यांनाच उभं राहावं लागेल, हे त्यांचं म्हणणं मला नंतर पटलं, तेव्हा रागच आला होता.

टॉप्सचं काम पाच मिनिटांचं. ते 2023 च्या पाडव्यानंतर घेतलेले, म्हणजे 1 एप्रिलपासून एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा हॉलमार्क नंबर) कंपल्सरी झाल्यावरचे, बिलावर सहा अक्षरी नंबर होता, आबांच्या नातवाने हॉलमार्क तपासायच्या सरकारी बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला आणि शुद्धतेसकट सगळं समोर. पाटल्यांना मात्र ना बिल ना हॉलमार्क, सासूबाईंच्या लग्नातला एक फोटो तेवढा आहे. फोटोवरून वजन लिहून द्यायला आबांनी स्वच्छ नकार दिला, फक्त घडण कोणती ते वर्णन लिहून दिलं.

माझा भाचा टेक्सासला असतो, त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणे तिकडे 2500 डॉलरचा माल झाला की चोरी थेट फेलनीत, म्हणजे गंभीर गुन्ह्यात जाते आणि किंमत धरतात ती चोरीच्या वेळच्या बाजारभावाने, खरेदीच्या नाही. आपल्याकडे नव्या न्याय संहितेत 5000 च्या आतली चोरी, आरोपीला पहिल्यांदाच शिक्षा होत असेल आणि त्याने माल किंवा पैसे परत केले तर समाजसेवेवर सुटतो. घरातून चोरी झाली तर 305 कलम लागतं, 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे आमच्या केसमध्ये आकड्याने कलम बदलणार नव्हतं, पण मुद्देमाल सापडला की सुपूर्तनाम्यावर, म्हणजे केस संपेपर्यंत सांभाळायला, परत घेताना त्याच किमतीवरून बॉण्ड लिहितात, शिवाय 68 हजार वाचून नातेवाईक म्हणतात "एवढंच गेलं ना!"

आणि सापडलं काय, तर एक लगड. पंचनाम्यात वजन झालं 19 ग्रॅम. वितळवल्यावर पोत कुठली आणि पाटली कुठली, घडणावळ तर गेलीच. ओळख पटवायला आता आबांच्या वहीचंच पान लागणार आहे, त्यांनी त्याची झेरॉक्स सही शिक्क्यानिशी दिली आणि सगळ्याचे मिळून 300 रुपये घेतले, पावतीसकट.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. सकाळी अकराला गेलेली बाई साडेतीनला सुटली, मध्ये दोन गिऱ्हाइकं मोड घालायला आली की माझा कागद बाजूला. आणि गाडी त्या गल्लीत नेऊच नका.