सावंतवाडीचा राजवाडा : गंजिफेची पाने जिथे अजून हाताने रंगतात

सावंतवाडीला येणारे बरेच जण मोती तलावाची फेरी मारतात, चितार आळीतून लाकडी खेळणी घेतात आणि गोव्याच्या वाटेला लागतात. तलावासमोरचा जांभ्या दगडाचा राजवाडा मात्र दोन तास राखून ठेवूनच पाहावा, असे दुसऱ्या भेटीनंतर मी आग्रहाने सांगेन. तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकिर्दीत (१७५५ ते १८०३) उभा राहिलेला हा वाडा आजही सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याकडे आहे, आणि त्याच्या दरबार हॉलमध्ये चितारी मंडळी बैठक मारून गंजिफेची, म्हणजे पत्त्यांच्या एका जुन्या खेळाची, गोल पाने रंगवत असतात.

ही कला इथूनही जवळजवळ गेलीच होती. १९७०च्या आसपास शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती समजून घेतली, राणीसाहेबांनी स्वतः कुंचला हाती धरला आणि वाड्यातच कामाला जागा दिली; म्हणूनच आज इथे जतन म्हणजे काचेमागची वस्तू नसून चालू काम आहे. जुन्या काळी चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवून पाने करीत आणि त्यांवर लाखेचा हात देत.

मी गेलो तेव्हा एक कारागीर मत्स्यावताराच्या पानावर मासे काढत होते. रुपयाहून थोड्याच मोठ्या गोलात आठ मासे, आणि प्रत्येकाचा खवला वेगळ्या फटकाऱ्याने! यापूर्वी दुसऱ्या एका गावच्या दुकानात मला छापील संच ‘हातकाम’ म्हणून विकला गेला होता. त्यातले सगळे मासे एकाच मापाचे होते, हे इथे उभे राहिल्यावर लक्षात आले आणि फार वाईट वाटले.

दशावतारी संचात दहा रंग (इस्पिक-बदामासारखे गट, विष्णूच्या प्रत्येक अवताराचा एक) आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्का ते दश्शी अशी बारा, म्हणजे एकूण १२० पाने असतात. हातकामाचा संच स्वस्त नाही, पण एकेका पानामागचे श्रम पाहिल्यावर किंमत योग्यच वाटते. खरेदी करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की संच चौकटीत घालून भिंतीला टांगू नका. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा, दिवसा रामाचा मान आणि रात्री कृष्णाचा, हे सारे खेळल्याशिवाय अंगवळणी पडत नाही, आणि खेळणारी माणसे उरली नाहीत तर चितारी तरी किती दिवस नुसती शोभेची पाने रंगवणार? नियम तिथेच विचारून वहीत उतरवून घ्यावेत.

आम्ही घरी पहिला डाव मांडला तो रात्री जेवणे झाल्यावर, त्यामुळे कृष्णाचा राजा ज्याच्या हाती आला त्याने, म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या पुतण्याने, उतारी केली.