मायकोरायझाचं कल्चर वाफ्यावर करावं की प्लेटमध्ये?

मायकोरायझा, म्हणजे पिकांच्या मुळांत राहणारी उपयुक्त बुरशी, जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे ट्रायकोडर्मा बुरशीसारखा फर्मेंटरचा (वाढवण्याच्या टाकीचा) मार्ग इथे बंद. उरतात दोन वाटा: यजमान पिकाचा वाफा, नाहीतर पेट्री प्लेटमध्ये गाजराच्या रूपांतरित (जिवाणूच्या जनुकांमुळे रोपाशिवाय वाढत राहणाऱ्या) मुळांवरचं कल्चर.

वरवर पाहता प्लेटच सरस. मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी नाहीत, रोपं कोलमडवणारं पिथियम नाही. तीनेक महिन्यांत प्लेटमागे हजारो बीजाणू मिळतात आणि माध्यम घट्ट करणारा जेलन गम सायट्रेट बफरमध्ये विरघळवला की ते अगदी स्वच्छ हाती येतात. मन विटतं ते एका कटकटीने. सुरुवातीचे बीजाणू २ टक्के क्लोरामाइन-टी (जंतुनाशक) आणि मग स्ट्रेप्टोमायसिन-जेंटामायसिन या अँटिबायोटिकांमधून काढले, तरी बीजाणूंच्या भिंतीत दडलेले जिवाणू मरतीलच असं नाही. बरेचदा नुसते दबून राहतात. प्लेट स्वच्छ दिसते. अँटिबायोटिक नसलेल्या माध्यमावर पुढची पिढी घेतली, की मुळाच्या कडेने दुधी, बुळबुळीत पट्टा उमटतो. तोवर तिच्यापासून आणखी प्लेटा भरून झालेल्या असतात आणि त्या सगळ्याच फेकाव्या लागतात. शिवाय प्लेटवर रुळणाऱ्या जाती मोजक्याच. रायझोफॅगस इररेग्युलॅरिस त्यातली सर्वांत सोशिक.

वाफ्याचं काम मळकट, पण चूक सावरायला वाव असतो. वाळू आणि व्हर्मिक्युलाइट (हलकं, पाणी धरणारं खनिज) समप्रमाणात घ्या, १२१ अंशांवर तासभर, लागोपाठ दोन दिवस निर्जंतुक करा. बियाण्याखाली ३ ते ५ सेंमीवर मदर कल्चरचा (आधी वाढवलेल्या मूळ बुरशीच्या मालाचा) थर द्या, वर मका किंवा बाहिया गवत. होगलंड द्रावण (झाडांसाठीचं पोषक द्रावण) निम्म्या ताकदीचं, त्यातही स्फुरद नाममात्र. स्फुरद वाढलं की मका हिरवागार दिसतो आणि मुळं बुरशीविना कोरी निघतात. हिरवेपणावर विसंबू नका. सहाव्या आठवड्यात थोडी मुळं १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून, आम्ल करून, ट्रायपॅन ब्लूने रंगवून आत बुरशी दिसते का ते बघा. बाराव्या आठवड्याच्या सुमारास पाणी तोडा, दहा दिवसांनी शेंडे छाटा, मुळं १ सेंमीची चिरून माध्यमासकट सावलीत वाळवा. अशा मालात बीजाणूंसोबत बुरशी भरलेले मुळांचे तुकडेही जातात, आणि शेतात लागण लवकर होते ती बहुधा त्यांच्यामुळे.

एकच जात हवी असेल, लॅमिनार फ्लो (गाळलेल्या स्वच्छ हवेचं कामाचं टेबल) आणि खात्रीचं स्वच्छ कल्चर हाताशी असेल, तर प्लेट जरूर करा. वाफ्याच्या मालात मात्र पॅकिंगआधी टोमॅटोची थोडी रोपं लावून पाहायची: मुळांवर गाठी आल्या किंवा रोपं बुडातून कोलमडली, तर तो लॉट बाहेर जाऊ द्यायचा नाही.